हनुवटी आणि सुई

चेहऱ्याच्या अवयवांत हनुवटीइतका उपेक्षित अवयव दुसरा नसेल. डोळ्यांच्या वर्णनांत कवींनीं आयुष्यें वेंचलीं. नाकावरून घराण्याची ओळख पटविण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. ओठ, दांत, भिवया, कपाळ, इतकेंच काय पण कानाची पाळीदेखील दागिन्यांच्या निमित्तानें मानास चढली. हनुवटीच्या वांट्यास मात्र आला तो केवळ दुसऱ्याचा हात. शाळेस निघालेल्या मुलाचा भांग पाडतांना आई डाव्या हातानें धरते ती हनुवटी. रुसलेल्या नातीची समजूत घालतांना आजी हात लावते ती हनुवटीस. आणि नव्या सुनेचें तोंड नीट दिसावें म्हणून आत्याबाई बोटानें वर करतात तीही हनुवटीच. ज्या देवाच्या नांवांतच ‘हनु’ आहे त्या मारुतीच्या कथेंतही तिचें काम इंद्राच्या वज्राचा तडाखा सोसण्यापुरतेंच!

अशा या मुक्या अवयवाचें दैव अलीकडे एकाएकीं उघडलें आहे. मोठ्या शहरांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत आतां हनुवटीसाठीं म्हणून निराळीं इंजेक्शनें दिलीं जातात, आणि तीं घेणारीं सारीं माणसें नाटक-सिनेमांतलींच असतात असें नव्हे. बँकेंत, कचेरींत, कॉलेजांत काम करणारीं, आपल्यासारख्याच घरांतलीं माणसेंही त्यांत असतात. विषय हसण्यावारीं नेण्याजोगा आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु ज्या गोष्टीवरून उद्यां आपल्या माजघरांत वाद होणार आहे ती आजच नीट समजून घेतलेली बरी, या हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम तक्रार काय ती पाहूं. ‘हनुवटीवरची खळी’ या शब्दांत दोन अगदीं भिन्न गोष्टींची गल्लत होते. एक खळी जन्मजात असते: हनुवटीच्या मधोमध उभी चीर किंवा लहानसा खड्डा. ती पुष्कळदां घराण्यांत चालत येते, आणि कोणी तिला दोष मानतात तर कोणी भूषण. कर्क डग्लस या अमेरिकन नटाची तर तीच ओळख होऊन बसली होती. दुसरा प्रकार याहून निराळा. बोलतांना, ओठ मिटतांना किंवा विचारांत असतांना हनुवटीची कातडी एकदम गोळा होते, तिच्यावर बारीक बारीक खळगे पडतात आणि ती नागपुरी संत्र्याच्या सालीसारखी दिसूं लागते. डॉक्टर लोकही येथें संत्र्याच्या सालीचीच उपमा योजतात. पहिला प्रकार घडणीचा, दुसरा हालचालीचा. आणि म्हणूनच दोहोंवरचीं इंजेक्शनेंही वेगवेगळीं आहेत.

आमच्या घरांत हा प्रश्न आणला तो आमच्या पुतणीनें. ती वकिली करते. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत न्यायालयांचें आणि अशिलांचें बरेंचसें काम संगणकाच्या पडद्यावरून होऊं लागलें, आणि दुसऱ्याशीं बोलतांना स्वतःचाच चेहरा तासन् तास समोर पाहण्याचा योग लक्षावधि माणसांस आला. आरशांत आपण पाहतों तें दोन मिनिटें, केस नीट करून आणि तोंड मिटून. पडद्यावर दिसूं लागला तो बोलणारा, ऐकणारा, कंटाळणारा चेहरा. म्हणजे जो आजवर केवळ इतरांनींच पाहिला होता तो. त्या काळांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढल्याचें देशोदेशींच्या त्वचातज्ज्ञांनीं नमूद करून ठेवलें आहे. आमच्या पुतणीस दिसलें तें असें कीं, ती मन लावून ऐकूं लागली कीं तिची हनुवटी गोळा होते, खालचा ओठ वर चढतो आणि मुद्रेवर नाराजी उमटते. एका अशिलानें तर विचारलेंच, “मॅडम, माझें कांहीं चुकलें काय?”

एके रात्रीं जेवतांना तिनें इंजेक्शनाची गोष्ट काढली. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, “लग्न ठरेपर्यंत तोंडाला कांहीं करूं नकोस.” आमच्या मातोश्रींनीं “देवानें दिलेल्या तोंडास नांवें ठेवूं नयेत” असा निकाल दिला. धाकट्या बंधूंनीं खर्च विचारला. शेवटीं पुतणी आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, तुम्ही सगळें वाचून सांगा. मग मी ठरवीन.” त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतलें, त्याचें सार असें.

खालच्या पुढच्या दांतांच्या मुळांखालीं जबड्याच्या हाडापासून दोन चिमुकले, शंकूच्या आकाराचे स्नायू निघतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. त्यांचें दुसरें टोक हनुवटीच्या कातडींत गुंफलेलें असतें. हातापायांचे बहुतेक स्नायू हाडाकडून हाडाकडे जातात. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू कातडीस बांधलेले असतात, म्हणूनच चेहरा बोलतो. या जोडीस मेंटॅलिस असें लॅटिन नांव आहे. ती आखडली कीं हनुवटीची कातडी वर ओढली जाऊन तिच्यावर खळगे पडतात आणि खालचा ओठ वर व पुढें येतो. तान्हें मूल रडण्यापूर्वीं ‘ओठ काढतें’ असें आपण म्हणतों, तें याच स्नायूंचें काम. कांहीं माणसांचे ओठ दांतांच्या किंवा जबड्याच्या ठेवणीमुळें सहज मिटत नाहींत. त्यांना ओठ मिटण्यासाठीं हे स्नायू सतत राबवावे लागतात. शिवाय वय वाढलें कीं कातडीखालची चरबी पातळ होते, कातडीचा ताठरपणा जातो, दांत पडल्यावर जबड्याचें हाड झिजतें. मग पूर्वीं झांकलेली ओढाताण उघडी पडते.

या ओढाताणीवर जें औषध टोंचतात तें मूळचें भयंकर विष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनीच्या व्युर्टेंबेर्ग प्रांतांत नासलेलीं मांसाचीं सॉसेजें खाऊन माणसें मरत. युस्टिनस केर्नर नांवाच्या डॉक्टरानें, जो कवि म्हणूनही प्रसिद्ध होता, १८२० च्या सुमारास या विषबाधेचीं लक्षणें बारकाईनें लिहून ठेवलीं, विषाची अल्प मात्रा स्वतः घेऊन पाहिली, आणि अनावर स्नायूंवर याचा औषधासारखा उपयोग होईल असेंही सुचविलें. १८९५ मध्यें बेल्जममधील एलझेल या गांवीं एका अंत्यविधीस आलेल्या वादकांस हॅम खाऊन विषबाधा झाली. त्यावरून एमील व्हान एर्मेंगेम यानें त्या विषाचा जंतु शोधून काढला. सॉसेजाच्या लॅटिन नांवावरून त्यास बोटुलिनस हें नांव मिळालें. पुढें सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य अॅलन स्कॉट यानें तिरळेपणावर या विषाची अत्यल्प मात्रा वापरून १९८० मध्यें आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि १९८९ मध्यें अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें तिरळेपणा व पापण्यांचे झटके यांकरितां त्यास मान्यता दिली. सौंदर्याचा उपयोग सांपडला तो आडवाटेनें. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें जीन कॅरुथर्स ही नेत्रवैद्य पापण्यांच्या झटक्यांवर हें औषध देत असे. त्यानें भिवयांमधल्या आठ्याही जातात, ही गोष्ट एका रोगी बाईच्याच बोलण्यांतून पुढें आली. जीन व तिचा त्वचातज्ज्ञ पति अॅलास्टेअर यांनीं १९९२ मध्यें त्यावर निबंध लिहिला, आणि २००२ मध्यें आठ्यांसाठीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. बोटॉक्स हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध व्यापारी नांव.

औषधाची क्रिया समजण्यास सोपी आहे. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशीं आला कीं तेथून एक रासायनिक द्रव्य सुटतें आणि स्नायु आखडतो. हें विष त्या द्रव्याचें सुटणें बंद करतें. तार शाबूत, तारमास्तर जागा; मात्र निरोप पोंचत नाहीं! शंभर युनिटांच्या कुपींत शुद्ध विष एका ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाहूनही कमी असतें, आणि हनुवटीस साधारणतः चार ते दहा युनिटें पुरतात. युनिटांचें माप मात्र प्रत्येक कंपनीचें निराळें; एकीचा आंकडा दुसरीस लावून चालत नाहीं. बारीक सुईनें एक किंवा दोन ठिकाणीं टोंचलें कीं काम झालें. गुण दोन-चार दिवसांत दिसूं लागतो, सुमारें दोन आठवड्यांत पुरा येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे हा दागिना विकत मिळत नाहीं, भाड्यानें मिळतो.

आतां सावधगिरीचें. अमेरिकेंत या औषधास चेहऱ्यासाठीं जी मान्यता आहे ती भिवयांमधील आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या रेषा आणि कपाळ यांकरितां. २०२४ मध्यें मानेवरील पट्ट्यांची त्यांत भर पडली. हनुवटीचें नांव त्या यादींत नाहीं. तेथें तें डॉक्टर आपल्या अनुभवावर व जबाबदारीवर देतात. वैद्यकांत असें पुष्कळ औषधांबाबत होतें आणि तें गैर नव्हे; पण घेणारास तें ठाऊक असावें. हनुवटीच्या स्नायूस लागूनच खालचा ओठ खालीं ओढणारे स्नायु आहेत. सुई थोडी बाजूस किंवा थोडी वर गेली तर हंसतांना ओठ वांकडा होतो, पाणी पितांना ओघळतें, ‘प’, ‘ब’, ‘म’ हीं अक्षरें नीट उमटत नाहींत. आणि औषध उतरेपर्यंत तसेंच राहावें लागतें. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हें देत नाहींत, आणि स्नायु दुबळे करणारा मायस्थेनियासारखा विकार असणाऱ्यांना तें धोक्याचें आहे. याहून मोठें भय नकली मालाचें. २०२४ मध्यें अमेरिकेंत आणि २०२५ मध्यें इंग्लंडांत नकली किंवा परवाना नसलेल्या औषधामुळें लोकांस खरोखरीची विषबाधा होऊन इस्पितळांत जावें लागलें. तेव्हां हें काम ब्यूटी पार्लरचें नव्हे, मैत्रिणीच्या दिवाणखान्यांत जमून करावयाचें तर नव्हेच नव्हे.

जन्मजात खळीस या विषाचा उपयोग नाहीं. तेथें खड्डा भरावा लागतो. भरण्याचें द्रव्य बहुधा हायलुरॉनिक अॅसिड असतें. कार्ल मायर व जॉन पामर यांनीं १९३४ मध्यें न्यूयॉर्क येथें गुरांच्या डोळ्यांतून तें प्रथम वेगळें केलें. तें आपल्या शरीरांतही असतें, हळूहळू विरतें आणि न आवडल्यास दुसऱ्या एका इंजेक्शनानें विरवितां येतें. परंतु चुकून रक्तवाहिनींत गेलें तर कातडी मरते, आणि क्वचित् दृष्टिही जाते. पूर्वीची तऱ्हा तर याहून भयंकर होती. १८९९ मध्यें व्हिएन्नाच्या गेरसुनी नांवाच्या शस्त्रवैद्यानें पातळ केलेलें मेण टोंचण्याची पद्धत काढली आणि ती युरोपभर पसरली. ग्लॅडिस डीकन नांवाची अमेरिकन तरुणी त्या काळीं युरोपांत रूपवती म्हणून गाजत होती. नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून तिनें विशींच्या आरंभींच नाकांत मेण भरून घेतलें. कालांतरानें तें मेण नाकावरून ओघळून हनुवटीपर्यंत उतरलें! १९२१ मध्यें ती मार्लबरोची डचेस झाली; ब्लेनहाइम राजवाड्याच्या देवडीच्या छतावर तिचे निळे डोळे रंगविले ते आजही तेथें आहेत. पण उत्तर आयुष्यांत ती लोकांपासून दूरच राहिली आणि १९७७ मध्यें मरण पावली. तिच्या डोळ्यांना छत मिळालें, हनुवटीला मात्र जन्मभर ओझें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, हीं पाश्चात्यांचीं खुळें. आपल्या स्त्रियांनीं चेहऱ्यास सुई कधीं लावून घेतली? त्यांना आम्ही गोंदणाची आठवण करून देतों. आजी-पणजीच्या पिढींतील कितीतरी स्त्रियांच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके असत. गोंदणारीण दारीं येई, सुयांनीं टोंची आणि पोरी डोळे मिटून सोशीत. तें तर जन्माचें, तीन महिन्यांचें नव्हे! आणि चेहरा दुरुस्त करण्याची विद्याही आपल्यास परकी नाहीं. इंग्रजांच्या फौजेकडील कावसजी नांवाच्या बैलगाडीवानाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें होतें. तें पुण्याकडील एका कारागिरानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक बसवून भरून काढलें, आणि ती हकीकत १७९४ मध्यें लंडनच्या मासिकांत छापून आल्यावर विलायतेचे शस्त्रवैद्य जागे झाले. तेव्हां सुई वाईट किंवा कातडीस हात लावणें पाप, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. प्रश्न एवढाच कीं, कावसजीचें नाक गेलें होतें. आमच्या पुतणीचें काय गेलें होतें?

आमच्या मनांत जी शंका होती ती निराळीच होती, आणि ती आम्हीं तिला बोलून दाखविली. एकत्र कुटुंबांत सर्वच गोष्टी तोंडानें सांगितल्या जात नाहींत. सून उलट बोलत नाहीं, धाकटा भाऊ थोरल्यापुढें तक्रार करीत नाहीं, पाहुण्यांसमक्ष मुलगी हट्ट धरीत नाहीं. पण हनुवटी हलते आणि पाहणाऱ्यास कळतें. ड्यूशेन या फ्रेंच वैद्यानें १८६२ मध्यें विजेचे झटके देऊन चेहऱ्याचा कोणता स्नायु कोणता भाव लिहितो तें दाखविलें. अमेरिकेंत २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, आठ्यांचे स्नायु या औषधानें शिथिल केलेल्या माणसांस रागाचीं व दुःखाचीं वाक्यें वाचून समजण्यास किंचित् अधिक वेळ लागला. तो प्रयोग भिवयांचा, हनुवटीचा नव्हे. तरीपण चेहरा हा मनाचा केवळ आरसा नसून थोडासा भागीदारही आहे, एवढें त्यावरून म्हणतां येईल. मग घरांतील माणसांनीं जें वाचावयाचें तें अक्षरच पुसून टाकावें काय?

पुतणी हंसली नाहीं, रागावलीही नाहीं. ती म्हणाली, “काका, पण माझी हनुवटी खोटें सांगते. मी विचार करीत असतें आणि ती म्हणते मी नाराज आहें. आणि मी खरोखर नाराज असेन तेव्हां तोंडानें सांगावें, कीं घरच्यांनीं हनुवटी पाहून ओळखेपर्यंत वाट पाहावी?” या प्रश्नावर आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं. विचार करतां वाटलें, आपल्या घरांतील किती बायकांना हनुवटीवांचून दुसरी भाषाच आपण ठेवली नव्हती!

ती एका जाणत्या त्वचातज्ज्ञांकडे गेली. त्यांनीं प्रथम तिला ओठ सैल सोडून मिटावयास सांगितलें. दांतांचा दोष असता तर आधीं दंतवैद्याकडे पाठविलें असतें असें ते म्हणाले. आजार, औषधें, सर्व विचारून घेतलें; कुपी तिच्यासमोर उघडली; मात्रा थोडी दिली. दोन आठवड्यांनीं हनुवटी सपाट झाली. आणि मौज अशी कीं, घरांतील एकाही माणसाच्या तें आपणहून लक्षांत आलें नाहीं! जो दोष जगास दिसतो म्हणून ती झुरत होती तो घरच्यांनीं कधीं दोष म्हणून पाहिलाच नव्हता. “नाराज आहांत काय?” असें अशील आतां विचारीत नाहींत, असें मात्र ती सांगते, आणि तिचें सांगणें आम्ही खरें मानतों.

एक गोष्ट मात्र घडली. एक मोठा दावा हरून ती घरीं आली आणि मुकाट्यानें जेवावयास बसली. एरवीं आमच्या मातोश्री तिची हनुवटी पाहून लगेच “काय गं झालें?” म्हणावयाच्या, त्या दिवशीं त्या भाजी वाढून पुढें गेल्या. थोड्या वेळानें तीच म्हणाली, “आजी, आज मी हरलें.” मातोश्रींनीं वाढणें खालीं ठेवलें आणि तिच्याजवळ बसल्या. पुढें तीन-चार महिन्यांनीं औषध उतरलें, हनुवटी पूर्ववत् गोळा होऊं लागली, आणि दुसऱ्यांदा टोंचून घ्यावें कीं नाहीं हें तिनें अजून ठरविलेलें नाहीं. सांगण्याची संवय मात्र राहिली आहे.

आमचें मत थोडक्यांत असें. ज्या सज्ञान माणसास स्वतःच्या कामासाठीं, स्वतःच्या पैशानें आणि सर्व धोके समजून हा उपाय करावयाचा आहे त्यास घरानें हिणवूं नये. परंतु दाखविण्याच्या कार्यक्रमांत कोणी हनुवटीस नांवें ठेवलीं म्हणून मुलगी सुईकडे वळत असेल, तर इलाज हनुवटीस नव्हे, त्या नांवें ठेवणाऱ्या जिभेस हवा. आणि तो वडील मंडळींच्या हातीं आहे, फुकट आहे आणि दर तीन महिन्यांनीं पुन्हां करावा लागत नाहीं. आपल्या आज्या बाळास न्हाऊं-माखूं घालून, नटवून, शेवटीं काजळाचें एक बोट मुद्दाम त्याच्या गालास किंवा हनुवटीस लावीत. अगदीं निर्दोष दिसणाऱ्या चेहऱ्याची त्यांना धास्ती वाटे. ती धास्ती भाबडी असेल. पण तीट लावलेलें तें पोर त्यांना जगांत सर्वांत सुंदर दिसे, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.